उतरवून घेणाऱ्या दोघी

चहाचा कप हातात दिला की ती आधी तो डोळ्यांच्या वर धरून त्याचं बूड पाहायची, मग प्यायची. तीन वेळांतून एकदा चहा ओढणीवर सांडायचा.

"याचा कान एवढा लहान कावून केला असन, भाऊजी? दोन बोटं जात नाहीत."

"तू एका बोटानं पे ना, माय," माझी बायको म्हणायची.

वस्तू वापरण्याआधी तिची उलटतपासणी घेणारं असं एखादं माणूस तुमच्याही शेजारात असेल. भिलाई-3 ला आमची घरं समोरासमोर. ती चौतीस वर्षांची, वडील रेल्वेतले निवृत्त गार्ड. कुम्हारीला कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यात तिनं दहा वर्षं ड्रॉइंगं काढली आणि एक दिवस नोकरी सोडून रायपूरकडच्या एका संस्थेत प्रॉडक्ट डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासाला नाव घातलं.

वडील मला म्हणाले, "गाडी प्लॅटफॉर्म सोडून गेली, अन् ही आता तिकीट काढून राहिली." पण अडवलं नाही. कारखान्याच्या मालकाशी बोलून तिची खुर्ची दोन वर्षं राखून ठेवायला सांगितली. पास झाली तर बरं, नाही तर पुन्हा कपाटं. हे तिला माहीत होतं. म्हणूनच की काय, त्या दोन वर्षांत मी तिला आमच्याकडे पूर्ण पाच मिनिटं बसलेली पाहिली नाही. उभ्यानं बोलायची, बोलता बोलता दाराची कडी हलवून बघायची.

शेवटच्या सहामाहीत तिनं विषय घेतला डोक्यावरच्या ओझ्याचा. बांधकामावर मजूर बायका, आमच्याकडे त्यांना रेजा म्हणतात, चुंबळीवर घमेलं ठेवून सिमेंटचा गारा वर नेतात. ओझं मानेवरून खांद्यांवर आणणारी एक हलकी चौकट तिनं तयार केली. संस्थेतल्या तिच्या गाईडना ती फार आवडली. आता वापरून बघायची होती आणि मोजायला माणूस हवा होता. मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणी विभागात. मोजणं हाच माझा धंदा.

"भाऊजी, जसं दिसन तसं लिहा. माझ्याकडून लिहू नका."

भिलाई-3 लाच एका तीन मजली इमारतीचं काम चालू होतं. नऊ बायका. सात जणी घमेली वाहायच्या, दोघी वर उभ्या राहून उतरवून घ्यायच्या. सकाळी सातही जणींनी हसत हसत चौकटी घातल्या. अकरा वाजता साती चौकटी भिंतीला टांगलेल्या होत्या. मी तसं लिहिलं.

तिनं एकीला कारण विचारलं. ती चुंबळ झटकत म्हणाली, "बोहे मं नइ, उतारे मं जियादा लागथे, दीदी." वाहताना नाही, उतरवताना जास्त लागतं. चौकटीतून घमेलं काढताना मानेला हिसका बसत होता.

आम्ही स्कूटीवरून परत आलो. फाटकाशी म्हणाली, "चार महिने मी वाहणंच पाहून राहिली होती."

परीक्षेला एकोणीस दिवस उरले होते. चौकटच सादर कर, काम चांगलं आहे, असं गाईड म्हणाले. तिनं ऐकलं नाही. भंगारातले पाइप आणून कपाळाइतक्या उंचीचा, वर फळी बसवलेला एक ठेला, म्हणजे उभा टेकू, बनवला. त्याच्यासमोर उभं राहून नुसती मान पुढं केली की घमेलं आपोआप फळीवर सरकायचं. दुसऱ्या बाईच्या हाताची गरज नाही, हिसका नाही. दोन दिवस मी मोजलं. शंभर घमेल्यांपैकी अठ्ठ्याण्णव घमेली बायकांनी एकेकटीनं उतरवली. मला इतका आनंद झाला की मी तो कागद ठेकेदाराला दाखवला. त्यानं शांतपणे वाचला. "बढ़िया है," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी साइटवर सात बायका होत्या.

वर उभ्या राहणाऱ्या दोघींची आता गरज नव्हती. दोघी वयानं मोठ्या. मग इतर बायकांकडून कळलं ते असं, की एखादीची मान धरली, ओझं वाहवेना, की बायका तिला वर उतरवून घ्यायला ठेवत. ठेकेदाराला ते ठाऊक नव्हतं. आम्हालाही नव्हतं.

मी तिला सांगितलं, की कागद मीच दाखवला. ती ठेल्याचा नट उगाच घट्ट करत होती.

"आकडे खरे होते ना?"

"खरे होते."

"मंग तुमचं काय चुकलं? मीच नाही विचारलं, त्या दोघी वर कावून आहेत."

अहवालात सुरुवातीला नऊ बायका होत्या आणि शेवटी सात. गाईड म्हणाले, शेवटची ओळ वगळ, परीक्षक त्यातच अडकून पडतील. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर आली.

"भाऊजी, खाली किती लिहिलं तुम्ही?"

"सात."

"राहू द्या."

वडिलांनी कारखान्याच्या मालकाला फोन करून ठेवला होता. परीक्षक खरंच त्या ओळीवर अडले, पाऊण तास. पण पास केलं. वडिलांनी गल्लीत पेढे वाटले, तेव्हा ती घरी नव्हती. रोज सकाळी मजुरांच्या चौकात जाऊन त्या दोघींचा पत्ता विचारत होती. पहिल्या पाळीला जाताना मला ती दिसायची, बायकांच्या घोळक्यात स्कूटी धरून उभी.

पदवीदान रायपूरला होतं. वडील, मी आणि माझी बायको, तिघं जाऊन बसलो. ती परस्पर येणार होती. तिचं नाव दोनदा पुकारलं, मग पुढचं पुकारलं. वडिलांनी नंतर कार्यालयात सही करून पदवीचा कागद घेतला.

संध्याकाळी ती आली, सलवार गुडघ्यापर्यंत सिमेंटनं माखलेली.

"कुम्हारीच्या पुढं गोदामाचं काम आहे, तिथं एक भेटली."

"काय म्हणाली?" माझ्या बायकोनं विचारलं.

"बोलायले वेळच नव्हता तिले. डोक्यावर घमेलं होतं, ताई."

वडिलांनी कागद पुढं केला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला आणि परत त्यांच्याच हातात दिला.

पुढच्या महिन्यात ती पुण्याला नोकरीवर गेली. समोरच्या घरात आता वडील एकटे. पदवीला फ्रेम करून कोणत्या भिंतीवर लावू, असं ते तिला दर रविवारी फोनवर विचारतात. उत्तर मला इकडे ओट्यावर ऐकू येतं, कारण ते फोन स्पीकरवर ठेवतात.

"थांबा, बाबा. एकच भेटली आहे."