दोन खाटांमधली जागा

चांगुणा सिस्टर गेल्या त्या सकाळी आमच्या कॉलनीच्या सभागृहात कुणाचा तरी साखरपुडा होता. गल्लीच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधोमध केटररचा टेम्पो, त्यातून पातेली उतरत होती. मी स्वयंपाकघरात होते. सिस्टरांकडे धुणीभांडी करणारी बाई पळत आली आणि म्हणाली, "वैनी, चला लवकर, सिस्टरला दम लागलाय, बोलता येईना." मी गेले तेव्हा त्या पलंगाच्या कडेला बसून होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून. आयुष्यभर दुसऱ्यांचा श्वास मोजणारी बाई, तिला काय चाललंय ते माझ्याआधी कळलं होतं. त्यांनी मला हातानंच सांगितलं, गाडी बोलाव. रुग्णवाहिका आली, पण गल्लीच्या तोंडाशीच थांबली. आत वळायला जागा नव्हती. टेम्पोवाला आत नाश्त्याला बसला होता, गाड्यांचे मालक आत होते, आणि माईकवर कुणीतरी पाहुण्यांचे सत्कार करत होतं. शेवटी चार जणांनी चादरीत धरून त्यांना बाहेर नेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता. ते खरंही असेल... मी ते खरं मानायचा प्रयत्न करते आहे.

आमचं गाव नाशिक-पुणे रस्त्यावरचं, प्रवरेकाठचं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ते चारही बाजूंनी इतकं पसरलं की आम्ही आलो तेव्हा जी गावाबाहेरची कॉलनी होती ती आता गावाच्या मधोमध आली आहे. आम्ही इथे घर बांधलं तेव्हा आजूबाजूला उसाचे फड होते आणि रात्री कोल्हे ओरडायचे. शेजारच्या प्लॉटवर एक ठेंगणी, काळीसावळी बाई पांढऱ्या साडीचा पदर खोचून स्वतः विटांवर पाणी मारताना दिसायची. त्या चांगुणा सिस्टर. सरकारी दवाखान्यात परिचारिका. मूळच्या अकोले तालुक्यातल्या, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतल्या. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "ड्यूटी लागली हुती तवा." मी त्यांच्याहून बरीच लहान, पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला "मंगल" म्हणून हाक मारली आणि मी त्यांना सगळ्यांसारखं "सिस्टर" म्हणायला लागले. कॉलनीत त्यांच्या हातचं इंजेक्शन घेतलं नाही असं घर नव्हतं. माझ्या दोन्ही मुलांच्या तापात त्या उशाशी बसल्या आहेत. कुणाकडून पैसे घेतले नाहीत, आणि त्याचा कधी उल्लेखही केला नाही.

आमच्या दोघींच्या घरांमागे कॉलनीची मोकळी जागा होती. लेआउट मंजूर होताना सगळ्यांसाठी म्हणून सोडलेली, ओपन स्पेस म्हणतात ती. तिथे काही नव्हतं. दोन कडुनिंब, एक बाभळ, पावसाळ्यात साचणारं पाणी आणि बाकी सगळं गवत. संध्याकाळी मुलं क्रिकेट खेळायची, बायका वाळवणं घालायच्या, कुणी गेलं तर माणसं तिथेच जमायची. सिस्टर रोज ड्यूटीवरून आल्या की तिथे एक फेरी मारायच्या. त्यांना बोलायला आवडायचं आणि बोलण्याचा विषय बहुतेक वेळा घरं हाच असायचा. कुठे नवीन प्लॉटिंग पडलं, कुठे फ्लॅटची स्कीम आली, की रविवारी त्या मला घेऊन बघायला जायच्या. विकत घ्यायचं नसायचं. सेल्समन चहा द्यायचा, ब्रोशर दाखवायचा आणि सिस्टर जिन्याच्या वळणावर उभं राहून विचारायच्या, "हितून स्ट्रेचर वळल का वो?" तो पोरगा गोंधळायचा. त्यांचा बांधकामाला विरोध होता असं नाही. उलट त्या म्हणायच्या, "मान्सं वाढली, त्यास्नी घरं नगं व्हय? वर बांधा ना. धा मजले बांधा. पन खाली सोडा काईतरी." गावात उंच इमारत झाली की लोक नाकं मुरडायचे, सिस्टर मात्र वर बघून खूश व्हायच्या आणि मग खाली बघून गप्प व्हायच्या, कारण खाली दुकानांचे गाळे रस्त्याला चिकटलेले असायचे.

एकदा त्या मला त्यांच्या माहेरी घेऊन गेल्या. एसटीने अकोल्यापर्यंत, पुढे जीपने. भाऊ वारला होता, भाचा सोमनाथ तिथे राहत होता. त्यांचं बालपण गेलं ती वाडी डोंगराच्या उतारावर, खाली भातखाचरं आणि त्यापलीकडे धरणाचं पाणी. वाडी होती, पण खाचरांच्या जागी तारेचं कुंपण, दगडी कमान आणि आत लाल कौलांच्या कॉटेजेस उभ्या होत्या. पाण्यावर जायची जुनी पायवाट कमानीतूनच जात होती. सिस्टर सवयीने आत शिरल्या. वॉचमनने अडवलं. गावातलाच पोरगा असावा, पण त्यांना ओळखत नव्हता.

"कोनाकडं आलाव? बुकिंग हाय का?"

"मी हितलीच हाय," सिस्टर म्हणाल्या.

"हितलं सगळं इकलंय आता, आजी."

त्या मागे फिरल्या. सोमनाथच्या घरी आम्ही जेवलो, त्याने जमीन का विकली ते सांगितलं, बायकोचं ऑपरेशन, पोराचं शिक्षण, सगळं पटण्यासारखं. परतीच्या गाडीत, अकोलं मागे पडल्यावर म्हणाल्या, "इकायला माझी ना न्हाई, मंगल. गरज हुती, इकलं. पन वाट कशी काय इकली? वाट त्याची एकट्याची हुती व्हय?"

त्या निवृत्त झाल्यानंतर काही वर्षांनी कॉलनीत सभागृहाचा विषय निघाला. माझे यजमान तेव्हा कमिटीचे सचिव होते, त्यामुळे तो विषय आमच्या घरातच वाढला. आज त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यांची बाजूही मला माहीत आहे. आमच्या मुलीचा साखरपुडा आम्ही दारात मांडव घालून केला होता आणि अवकाळी पावसाने पाहुण्यांच्या ताटांत पाणी झालं होतं. मंगल कार्यालयांची भाडी परवडत नव्हती. म्हाताऱ्यांना भजनाला जागा हवी होती. यजमान म्हणायचे, "मागची जागा नुसती पडून आहे. गवत वाढतं, साप निघतात. चार लोकांच्या उपयोगी पडेल." सगळ्यांनाच ते पटलं. वर्गणी ठरली. सभा त्याच मोकळ्या जागेत, कडुनिंबाखाली सतरंज्या टाकून झाली. कॉलनीचे अध्यक्ष, निवृत्त प्राध्यापक, फार चांगलं बोलले. मग विचारलं, कुणाला काही म्हणायचंय? सिस्टर उठल्या.

"वॉर्डात दोन खाटांच्या मधी जागा ऱ्हाती," त्या म्हणाल्या. "साथ आली का सगळे म्हनत्यात, मधी अजून एक खाट टाका. मोकळीच तर हाय. टाकली का मंग पेशंटपर्यंत हात पोचत न्हाई. ती जागा मोकळी नसती वो. ती कामाची असती. ही बी तशीच हाय."

अध्यक्ष हसून म्हणाले, "सिस्टर, हा दवाखाना नाही."

"न्हाई ना. म्हनून तर हितं ऱ्हायला आले."

लोक हसले. ठराव झाला. विरोधात हात एकच होता. मी बायकांच्या रांगेत होते आणि सभासद म्हणून नाव यजमानांचं, त्यामुळे मला हात वर करायचा प्रश्नच नव्हता.

सिस्टरांनी नगरपालिकेत तक्रार केली. त्या कुणाला न सांगता कार्यालयात गेल्या असं नाही, आधी अध्यक्षांच्या घरी जाऊन सांगून आल्या, की उद्या मी अर्ज देणार आहे. नगरपालिकेचे साहेब येऊन पाहून गेले, काम थांबवायला सांगितलं आणि काम थांबलं. जोत्यापर्यंत आलेलं बांधकाम पावसाळाभर तसंच पडून राहिलं. त्या पावसाळ्यात कॉलनीने सिस्टरांशी बोलणं सोडलं. गणपतीत कुणाकडून प्रसाद आला नाही. मुलं त्यांच्या कंपाउंडात गेलेला चेंडू मागायला येईनाशी झाली. ताप आला तर लोक आता रिक्षा करून दवाखान्यात जात. आमच्याकडेही धुसफूस झाली. यजमान जेवताना म्हणाले, "तुझी मैत्रीण उद्या आम्हाला सगळ्यांना कोर्टात उभं करणार. तुला तिच्याकडे जायचं तर जा, पण मला चारचौघांत मान खाली घालायला लावू नका." मी जात राहिले. सिस्टरांनी मला कधी बाजू घ्यायला सांगितलं नाही. एकदा फक्त म्हणाल्या, "त्यो मानूस वाईट न्हाई, मंगल. त्याच्या पोरीच्या साखरपुड्यात ताटांत पानी पडलं, ते त्याच्या डोळ्याम्होरून जात न्हाई."

दिवाळीनंतर, पुन्हा कुणी साहेब पाहायला येत नाही असं दिसल्यावर, काम सुरू झालं. आधी नुसतं पत्र्याचं शेड, मग शेडला भिंती, मग स्लॅब. सिस्टरांनी पुन्हा अर्ज दिला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "ज्यांच्यासाठी भांडायचं त्यास्नीच नगं असंल तर मी कोनासाठी भांडू?" कडुनिंब तोडले त्या दिवशी त्या अकोल्याला निघून गेल्या, आणि सावकाश, पाच-सहा दिवसांनी परत आल्या. सभागृहाच्या उद्घाटनाला त्यांना आमंत्रण गेलं होतं. त्या आल्या, मागच्या रांगेत बसल्या, पेढा घेतला आणि घरी गेल्या. पुढची वर्षं अशीच गेली. कॉलनी त्यांच्याशी बोलायला लागली, कारण जिंकलेल्या माणसांना राग धरायचं काही कारण उरत नाही. पण सिस्टरांची संध्याकाळची फेरी बंद झाली. कुठे जायचं फेरी मारायला? रस्त्यावर गाड्या होत्या. त्यांचे पाय सुजायला लागले, मग दम लागायला लागला. रविवारी स्कीम बघायला जाऊ म्हटलं तर म्हणायच्या, "आता काय बघायचं ऱ्हायलं..."

त्यांची शोकसभा सभागृहातच झाली. दुसरीकडे होणार कुठे? गावात आता माणसं जमायला मोकळी जागा नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर नर्सच्या गणवेशातला जुना फोटो, हार, उदबत्ती. सगळे चांगलं बोलले आणि खरं बोलले. कुणी बाळंतपणाची आठवण सांगितली, कुणी वडिलांच्या शेवटच्या दिवसांची. त्या सकाळच्या गाड्यांबद्दल कुणी बोललं नाही. शेवटी अध्यक्ष उठले. आता ते खूप थकले आहेत, आवाज कापतो. ते म्हणाले, सिस्टरांनी या कॉलनीची निरपेक्ष सेवा केली, तेव्हा या सभागृहाला त्यांचं नाव द्यावं अशी मी सूचना मांडतो. टाळ्या वाजायला सुरुवात झाली.

मी कधी सभेत बोललेली नाही. पण मी उभी होते हे मला उभी राहिल्यावरच कळलं.

"सिस्टरांना हे सभागृह नको होतं," मी म्हणाले. "त्यांनी ते इथेच, आपल्या सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आपण ऐकलं नाही, ते झालं. पण आता त्या नाही म्हणायला नाहीत, तर त्यांचं नाव या भिंतीवर लावू नका. आणि लावायचंच असेल तर गल्लीत गाड्या का लावतो आपण, त्याचं आधी काहीतरी करा."

यजमान पुढच्या रांगेत होते, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "वहिनींच्या भावना आपण समजू शकतो. पुढच्या बैठकीत ठरवू." मग दोन मिनिटं उभं राहून मौन झालं. घरी येताना यजमान माझ्या बरोबरीने चालत होते. फाटकाशी आल्यावर म्हणाले, "तू म्हणालीस ते बरोबर होतं. पण ते सगळ्यांसमोर..." आणि वाक्य तसंच सोडून आत गेले.

गेल्या आठवड्यात पाटी लागली. कै. चांगुणा सिस्टर स्मृती सभागृह. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. बैठकीत बहुमत झालं असं यजमानांनी मला सांगितलं. त्यांनी स्वतः हात वर केला नाही, हेही सांगितलं. सभागृहात काल पुन्हा एक कार्य होतं. गल्लीत गाड्या तशाच लागल्या होत्या.

सिस्टरांचं घर सोमनाथने विकलं. त्याचा तरी काय दोष, तो इथे येऊन राहणार नव्हता. घेणाऱ्याने मोजणी करून घेतली आहे, तीन मजली होणार आहे, खाली पार्किंग. ताबा देईपर्यंत चावी माझ्याकडे आहे. घर कोंदट होऊ नये म्हणून मी रोज जाते. मागच्या खोलीत, खिडकीला लावून त्यांचं जेवणाचं टेबल आहे. त्या खिडकीतून पूर्वी सगळी मोकळी जागा दिसायची. सभागृह झाल्यापासून हात लांब केला तर भिंतीला लागेल इतकी भिंत जवळ आहे, गिलावा न केलेली, तिच्यावर पावसाचे काळे ओघळ. मी त्यांना म्हटलं होतं, टेबल पुढच्या खोलीत घेऊया, तिकडे उजेड आहे. नको म्हणाल्या. "हितंच बसून जेवायची सवय लागलीया." शेवटपर्यंत त्या तिथेच, भिंतीकडे तोंड करून जेवल्या. टेबलाच्या कडेवर त्यांच्या ताटाने पडलेला गोल पांढरट डाग आहे. मी खुर्ची सरकवून थोडा वेळ बसते. पलीकडे खुर्च्या ओढल्याचा, कुणीतरी माईक तपासत असल्याचा आवाज येत असतो... मग खिडकी लावून घेते आणि कुलूप घालते.