बिरूमामांची घंटा

टण्ण.

एकदाच वाजली. आत फडकी कोंबलेली, पोत्यात बांधलेली घंटा. रहिमतपूरच्या एसटीत, माझ्याच मांडीवर.

पन्नास वर्षं झाली. तो आवाज कानातून जात नाही. जाऊ नये म्हणून मीच तो जपलाय.

आज सकाळी बिरूमामा गेले. त्यांच्या लेकीचा, हौसाचा फोन आला. "काका, आबा गेलं."

तुमच्यापैकी कुणी त्यांना ओळखत नाही. म्हणून ग्रुपवर लिहितोय.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी नुकताच शाळेत लागलो होतो, टेम्पररी. मराठी शिकवायचो. आमच्या शाळेत एक सीनियर सर होते, गडांचे वेडे. दर रविवारी आम्ही दोघं निघायचो. अजिंक्यतारा, सज्जनगड, चंदन-वंदन, वसंतगड, मच्छिंद्रगड. पडक्या बुरुजावर बसून सर कविता म्हणायचे. खाली कृष्णेचं पात्र उन्हात चमकायचं. मला वाटायचं, याहून मोठं सुख नाही.

खोटं कशाला बोलू, मला ते देवासारखे वाटायचे.

त्यातला एक गड माण तालुक्याच्या वाटेवरचा. नाव लिहीत नाही, गाव अजून तिथंच आहे. वर खंडोबाचं लहानसं देऊळ. दिवाबत्ती बिरूमामांकडं. मेंढरं राखायची, देऊळ झाडायचं, आणि आमच्यासारख्या हौशी लोकांना गड दाखवायचा.

उतरताना घंटेला दोन टोल द्यायची रीत होती. खाली वाडीत मामी ते ऐकून चुलीवर तवा ठेवायची. आपण पोचेपर्यंत भाकरी गरम.

त्या रविवारी मामा मला पाण्याचं टाकं दाखवायला घेऊन गेले. सर म्हणाले, "तुम्ही जा, मी देवळात जरा टेकतो."

मामांचा निरोप घेऊन उतरलो तर सर निम्म्या वाटेवर उभे. पोतं माझ्या खांद्यावर दिलं. ते नेहमीच दगड, खापराचे तुकडे गोळा करायचे, त्यामुळं वजनाचं काही वाटलं नाही.

"सर, टोल दिले?"

"दिले की. तू टाक्यात वाकला होतास, ऐकू कसे येतील?"

वाडीत थांबलोही नाही. म्हणे एसटी चुकेल.

आणि एसटीनं खड्डा घेतला.

टण्ण.

सरांनी पोत्यावर हात ठेवला. तोंडातली कविता तोडली नाही. कडवं पुरं केलं, मग म्हणाले, "तिथं मातीतच गेली असती. आपल्याकडं जपली जाईल."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

आठ दिवसांनी गावानं आम्हाला बोलावलं. चावडीपुढं भंडाऱ्याचं ताट ठेवलं होतं. ज्याच्यावर संशय त्यानं भंडारा उचलून शपथ घ्यायची. घेतली की विषय संपला. कोर्ट नाही, पोलीस नाही.

सरांनी भंडारा उचलला. हात जरासुद्धा हलला नाही. पिवळ्या तळव्यानं देवाला नमस्कार करून बाजूला झाले.

बिरूमामांनी ताटाकडं बघितलंसुद्धा नाही.

"देवाच्या घंटंसाठी देवालाच साक्षीला वढायचं व्हय? आमी न्हाई उचलनार."

"म्हंजी तूच घेतलीस की रं बिरू!"

"तुमी म्हनाल तसं."

मग एक म्हातारा माझ्याकडं वळला. "मास्तर, तुमी बी हुता की. तुमी सांगा."

मी मान खाली घातली. नोकरी टेम्पररी होती ना.

मामांची दिवाबत्ती काढून घेतली. गडावर चढायची बंदी झाली. लग्नाकार्याला कुणी बोलवेना. मेंढरं, मामी आणि तान्ही हौसा घेऊन ते माणात निघून गेले.

पुढं एकदा हिय्या करून मी त्यांना गाठलं. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"ठावं हाय मास्तर. तुमी निघाल्यावर मी देवळात गेलतो. साखळी मोकळीच हालत हुती. खाली बगितलं तर पोतं तुमच्या खांद्यावर."

"मग चावडीपुढं बोलला का नाही?"

"नाव तुमचं आलं आसतं की. लय लहान हुता तुमी. बसा, दूध घ्या."

ते दूध अजून घशाखाली उतरलेलं नाही.

त्या दिवसापासून मी सरांच्या मागं लागलो. दर वर्षी एक पोस्टकार्ड. त्यावर एकच शब्द: टण्ण. सही नाही. सरांना बढती मिळाली, कार्ड. लेकीचं लग्न, कार्ड. गडांचे अभ्यासक म्हणून शाल-श्रीफळ मिळालं, त्या दिवशी दोन कार्डं. नंतर व्हॉट्सॲप आलं, काम सोपं झालं. निळी टिक दिसायची, उत्तर कधी नाही. मला बरं वाटायचं. शाळेत पोरांना क्षमेच्या कविता शिकवल्या, स्वतः एकही शिकलो नाही.

पण गावात जाऊन खरं सांगायची छाती मात्र झाली नाही. मामा वाट बघून गेले. हौसा सांगत होती, काल म्हणाले, "वर घंटा लागली का, बगून यी."

सकाळी सरांना मेसेज टाकला. "टण्ण. बिरूमामा गेले. आज तुमचं नाव सगळ्यांना सांगणार."

ते नाव टाईप करायला घेतलं, इतक्यात दारावरची बेल वाजली.

दारात सर. वय त्र्याऐंशी. दोन जिने चढून आलेले, धाप लागलेली. हातात पोतं.

"चल," म्हणाले. "मला एकट्याला जमणार नाही."

मी 'या' म्हटलेलं नाही. पाणी विचारलेलं नाही. ते उंबऱ्याबाहेर उभे आहेत, आणि मी त्यांच्यासमोर बसून हे लिहितोय. उभे राहू देत.

मग माणात जाऊ. मामांना माती देण्याआधी हौसापुढं पोतं सोडायचं. तिथून गावात. चावडीपुढं, सगळ्यांदेखत. आधी सरांनी बोलायचं, मग मी. मग गड.

पोतं या वेळी त्यांनीच उचलायचं. वरपर्यंत. मी हात लावणार नाही.

मामा, संध्याकाळच्या आत दोन टोल ऐकू येतील. उशीर झाला. येतो.