बिनआवाजाची गाडी

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत ते एकटेच राहत. नाव मला कधी कळलं नाही. सगळे त्यांना 'बॅटरीवाले काका' म्हणत. दोन हजार सालानंतरची गोष्ट. तेव्हा विजेवरची मोटार नाशकात औषधालाही सापडत नसे. काकांची मात्र रोज खाली उभी असायची आणि पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चार्जिंगची वायर तिच्यापर्यंत लोंबत असायची. लोडशेडिंग सुरू झालं की काका निमूटपणे वायर गुंडाळून ठेवत.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, वीज तयार होते हाकेच्या अंतरावर, एकलहऱ्याला, आणि आपल्याकडे अर्धा दिवस लाईट नाही. चांगली पेट्रोलची गाडी कशाला विकलीत?"

वायरचा वेढा हातावर घेत ते म्हणाले, "त्या इंजिनाचा आवाज फाटकाशी आला की आमच्या मिसेस चहा टाकायच्या. त्या गेल्या, पण आवाज तोच. रोज वाटायचं, वर गॅस पेटला असेल. या गाडीला आवाजच नाही. वाट बघणं सुटलं."

त्याच संध्याकाळी त्यांची गाडी फाटकातून गुपचूप आत आली. काका उतरले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ त्या खिडकीकडे बघत बसले.