माझी साखर भुसावळला दिसते

भुसावळहून निघाले तेव्हा मांडीवर ओटी होती आणि पायाशी थर्मास. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात इन्सुलिनच्या बाटल्या. तेराव्या वर्षापासून मला डायबेटिस आहे, हे सांगून-सवरून झालेलं लग्न, त्यामुळे लपवण्यासारखं काही नव्हतं. आई फलाटावर तोंडाला पदर लावून उभी होती. बाबा मात्र खिडकीचे गज धरून माझ्या नवऱ्याशी बोलत होते.

"जावईबापू, ही उगाच हट्टाला पेटली, शब्दाला शब्द वाढवायला लागली, तर तुम्ही भांडत बसू नका. आधी साखर द्या. मग भांडा."

अरविंदने गंभीरपणे मान डोलावली. त्याची नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात, बदली जयपूरला झालेली. दोन-तीन वर्षांत परत महाराष्ट्रात येऊ, असं तो दादाला सांगत होता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्यालाही ते खरं वाटलं, मलाही वाटलं.

दादा, वहिनी, तुम्ही परवा फोनवर विचारलंत, "सुनंदा, आता तिथे तुझं आहे कोण?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

जयपूरचा पहिला उन्हाळा मी रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये काढला. दुपारी वीज गेली की मला स्वतःपेक्षा फ्रिजमधल्या बाटल्यांची काळजी. मग अरविंदने मातीचा मटका आणून त्यात ओली वाळू भरली आणि बाटल्या डबीत घालून तिच्यात पुरल्या. शेजारणी विचारायच्या, "भाभीजी, इसमें क्या है?" मला तेव्हा हिंदीत धड सांगता यायचं नाही. मी म्हणायचे, दवा है, दवा.

बाबांचा सल्ला अरविंदने जरा जास्तच मनावर घेतला. मी आवाज चढवला की हा उठून स्वयंपाकघरात जायचा आणि साखरपाणी ढवळत यायचा. कधी ते बरोबर असायचं, इन्सुलिनने साखर खरंच खाली गेलेली असायची. हात थरथरायला लागायच्या आधी माझी जीभ तिखट व्हायची, हे त्याला माझ्याआधी कळायचं. पण कधी मी खरोखरच रागावलेली असायचे. तुझी आई असं का बोलली, दिवाळीला भुसावळला का नाही जायचं, या रागाचा साखरेशी काही संबंध नसायचा. तरी ग्लास समोर यायचाच. मी तो मोरीत ओतून द्यायचे. आमची मुलगी केतकी लहानपणी मैत्रिणींना सांगायची, मम्मी को गुस्सा आता है तो पापा शरबत बनाते हैं.

केतकी मराठी बोलते, पण मध्येच 'मतलब' घालून. तिच्या शाळेमुळे बदली पुढे ढकलली, मग बढती आली, मग इथेच प्रताप नगरमध्ये हाउसिंग बोर्डाचा फ्लॅट घेतला. आई गेली, बाबा गेले. दोन्ही वेळा आम्ही पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत जायचं, हे आम्ही म्हणत राहिलो आणि कधीतरी म्हणायचं थांबलो. कधी थांबलो ते आठवत नाही.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी अरविंद गेला. सकाळी दूध आणायला खाली उतरला आणि जिन्यातच बसला. हार्ट. समोरच्या फ्लॅटमधल्या विमलाजी धावत वर आल्या. मला त्यांच्या तोंडून फक्त "भाईसाहब" एवढंच ऐकू आलं.

तेव्हा माझ्याकडे इन्सुलिनचा जुना पंप होता. कमरेला लावायची छोटी डबी, तिच्यातून बारीक नळी पोटात. तो इन्सुलिन सोडायचा, पण साखर किती आहे ते त्याला कळायचं नाही. ते बोट टोचून आपण बघायचं आणि त्याला सांगायचं. अरविंद होता तोवर हे चालून गेलं. तो गेल्यावर लक्षात आलं, साखर उतरल्याचं आता मला कळतच नाही. घाम नाही, थरथर नाही. एका दुपारी कणीक मळता मळता मी ओट्यापाशी पडले. विमलाजी वाटी परत द्यायला आल्या होत्या, म्हणून वाचले. डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांनी शरीर इशारा देणं बंद करतं. शिवाय या पंपाचे सुटे भाग मिळणंही बंद होणार. नवा घ्या, सेन्सरवाला.

सी-स्कीम भागातल्या क्लिनिकमध्ये एका मुलीने मला तो शिकवला. दंडावर सेन्सर, पोटात नळी, हातात मोबाइल. साखर खाली जातेय असं दिसलं की पंप आपणहून इन्सुलिन थांबवतो आणि ओरडतो. समजावून झाल्यावर तिने विचारलं, "आंटी, फॉलोअर में किसका नाम डालूँ? आपका अलार्म किसके फोन पर जाएगा?"

मी तोंड उघडलं आणि अरविंदचं नाव जिभेवर आलं. ती की-बोर्डवर बोटं ठेवून थांबली होती. मग मी केतकीचं नाव सांगितलं. केतकी बेंगळुरूला. आणि दादा, तुझं.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी आलेख बघितले. खूश झाले. म्हणाले, "आता सुरक्षित आहात. आधीची सगळी वर्षं म्हणजे देवाची कृपाच म्हणायची." त्यांनी चांगल्या मनानेच म्हटलं. पण मी रिक्षात बसून घरापर्यंत रडले. ती वर्षं कृपेवर गेली नव्हती. एक माणूस जेवताना, टीव्ही बघताना, पाहुण्यांशी बोलताना एक डोळा माझ्यावर ठेवून होता, आणि हे कुठल्याच आलेखात दिसत नव्हतं. यंत्र त्याच्यापेक्षा चांगलं काम करतं, हेही खरंच. ते मला अजून सहन होत नाही.

मग तुम्ही म्हणालात, इकडेच ये कायमची. मी आले होते, ते राहायच्या विचारानेच. सामान कमी आणलं होतं, पण मनात फ्लॅट विकून झाला होता.

वहिनी, तुम्ही माझी खोली किती छान लावली होतीत. पहिल्या दिवशी पुरणपोळी केलीत. वाढायच्या आधी दादाने मोबाइल बघितला आणि म्हणाला, "एकशे ऐंशी आहे. तिला अर्धीच दे." तुम्ही पानातली पोळी उचलून अर्धी केलीत. किती इन्सुलिन घ्यायचं ते माझं मला कळतं, पंपालाही कळतं. पण दादाचा चेहरा बघून बोलवेना.

दादा, तू अख्खी नोकरी रेल्वेत गाड्यांच्या वेळा सांभाळत काढलीस. आता तू गॅलरीत खुर्ची टाकून माझा आकडा सांभाळत बसायचास. संध्याकाळचं फिरणं सोडलंस. मी चहा घेऊन आले की माझ्याकडे न बघताच म्हणायचास, "उतरतेय, बिस्किट खा." घरात मला कोणी 'कशी आहेस' असं विचारत नव्हतं. मी कशी आहे ते सगळे मला सांगत होते.

मग एकदा भाजी निवडताना वहिनी हळूच म्हणाल्या, "सुनंदाताई, तुम्ही राहा. घर तुमचंच आहे. पण त्या मोबाइलचं काहीतरी करा हो. ह्यांचं बीपी वाढलंय. ते वाजलं की मलाच धडकी भरते."

त्यांचं काहीच चुकलं नाही. त्याच आठवड्यात मी परतीचं तिकीट काढलं. केतकीची तब्येत बरी नाही, असं सांगितलं. ते खरं नव्हतं.

दादा, जयपूरला आल्यावर मी तुझं नाव फॉलोअरमधून काढलं. दुसऱ्याच दिवशी तुझा फोन आला. "सुनंदा, तुझं दिसत नाहीये इथे. नेटवर्क गेलंय का?"

"नाही दादा. मी काढलं."

तू म्हणालास, "मग आम्हाला कळणार कसं?"

"फोन कर. विचार मला."

त्यानंतर खूप दिवस तुझा फोन आला नाही. तुला लागलं असणार. आता दर रविवारी येतो. "बरी आहेस ना?" विचारतोस. मी बरी आहे म्हणते. कधी नसतेही. पण तू माझ्या आवाजावरून अंदाज घ्यायला बघतोस, हे मला इकडे ऐकू येतं.

सेन्सर दर थोड्या दिवसांनी बदलावा लागतो. नवा लावला की चालू व्हायला दोनेक तास घेतो. तेवढा वेळ पडद्यावर आकडा नसतो. केतकीला दिसत नाही, मलाही दिसत नाही. बोट टोचून बघते, पण दोन टोचण्यांच्या मधे काय चाललंय ते जगात कोणालाच ठाऊक नसतं. पहिल्या वेळी मी खूप घाबरले होते. विमलाजींना सांगून ठेवलं. तेव्हापासून सेन्सरच्या दिवशी त्या मटारची परडी घेऊन येतात आणि माझ्याकडेच सोलत बसतात. आम्ही फारसं बोलत नाही. माझं हिंदी आता बरं आहे, पण बोलण्यासारखं आमच्याकडे थोडंच असतं. आकडा आला की त्या टरफलं गोळा करतात आणि जातात.

गाव कुठलं असं विचारलं तर मी अजूनही भुसावळ म्हणते. तिथे माझी माणसं आहेत, आणि ती माझ्यासाठी झुरतात, हे मला माहीत आहे. पण इथे जिन्यात अरविंद शेवटचा बसला होता, आणि त्या जिन्यापलीकडे एक दार आहे जे माझ्यासाठी उघडतं. दादा, तू विचारलंस त्याचं उत्तर एवढंच आहे.

विमलाजींचा मुलगा त्यांना नोएडाला बोलावतोय. कधी जाणार, हे मी विचारलेलं नाही. त्याही सांगत नाहीत. सध्या त्या येतात. सेन्सर काढायच्या आधी मी दाराची कडी काढून ठेवते.