स्पिंडलच्या दहा फेऱ्या

ते कापसाचे वाईट दिवस होते. आमच्या जिल्ह्यातल्या, कापसातली सरकी काढणाऱ्या बऱ्याच जिनिंग फॅक्टऱ्यांना कुलपं लागली होती आणि ज्या सुरू होत्या त्या जुनीच यंत्रं ठोकूनठाकून चालवायच्या. अशात यवतमाळच्या आमच्या वर्कशॉपच्या मालकांनी एक जुनं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लेथ आणलं आणि ते चालू करायला मला नोकरीवर ठेवलं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. दारव्ह्याहून रोज जीपमध्ये तिघांच्या सीटवर चौथी बसून मी यायची.

वर्कशॉपमधले एक जुने टर्नर तीस वर्षं हाताच्या लेथवर काम करत होते. त्यांना सगळे काका म्हणायचे. मला ते ‘मॅडम’ म्हणायचे, पण असं की ऐकणाऱ्याला हसू यावं.

पहिलं काम वणीकडच्या एका जिनिंगचं आलं : दोन मिलिमीटर पिचचे, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर असलेले जाड बोल्ट. मी प्रोग्राम लिहिला, डझनभर बोल्ट काढले. चकचकीत! काकांनी नट लावला. तो दीड फेरा गेला आणि अडकला. त्यांनी पिच मोजली, अडीच भरली.

“मॅडम, तुमच्या मशीनले दोन म्हनलं का अडीच ऐकू येते काय?”

दोष एन्कोडरचा असणार हे मला कळत होतं. लेथचा फिरणारा कणा, म्हणजे स्पिंडल, किती फिरला हे मशीनला सांगणारा तो डबा. तो चुकीचं सांगत असेल, तर आटे चुकणारच. मशीनच्या पुस्तकात लिहिलं होतं की स्पिंडलच्या एका फेऱ्याला ४०९६ आकडे पडतात. तेव्हा मी स्पिंडलच्या तोंडाशी बोल्ट पकडणाऱ्या चकवर खडूची रेघ मारली आणि काकांना तो हाताने बरोबर दहा वेळा फिरवायला सांगितला. स्क्रीनवर चाळीस हजार नऊशे साठ यायला हवे होते.

काका मोठ्याने मोजू लागले. सहाव्या फेऱ्याला मालक आत आले, “वणीचा माणूस कधी येते?” काका म्हणाले, “चार वाजता,” आणि पुढे “पाच, सहा” करत निघाले. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी दहा झाले आणि स्क्रीनवर आकडा आला एक्कावन्न हजार दोनशे.

मी कागदावर भागाकार केला. “काका, तुम्ही साडेबारा वेळा फिरवलं.”

काकांनी हात पुसले. “तीस वर्सं झाले लेथवर. मले दहा मोजता येत नाई?”

ते तडक बाहेर गेले. मला वाटलं, रागावून घरी निघाले. पण ते चहा पिऊन आले आणि मी बिघडवलेल्या बोल्टांतले दहा मोजून टेबलावर मांडले. एक फेरा झाला की एक बोल्ट पत्र्याच्या रिकाम्या डब्यात. टेबल रिकामं झालं. स्क्रीनवर पुन्हा एक्कावन्न हजार दोनशे.

मालकांनी डबा उपडा करून बोल्ट मोजले. दहाच. मी खाली वाकून टेबलाखाली पाहिलं.

“काय पाहून राह्यल्या?” काकांनी विचारलं. “उरलेले अडीच? अर्धा बोल्ट मी कुठून आनू?”

मालक इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं. ते लपवायला मी पान्हा घेऊन मागचं झाकण उघडलं. दातेरी पट्टा, त्याच्या एका टोकाला स्पिंडलची पुली, दुसऱ्याला एन्कोडरची. काका माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते.

“हे दोन चाकं सारखे नाईत, पोरी.”

पुस्तकात दोन्ही सारखी होती, म्हणून मी पाहिलंच नव्हतं. कुणीतरी आधी एन्कोडरची पुली बदलली होती. खडूने खुणा करत आम्ही दाते मोजले : स्पिंडलच्या पुलीचे पन्नास आणि एन्कोडरच्या पुलीचे चाळीस. म्हणजे स्पिंडल एकदा फिरला की एन्कोडर सव्वा फेरा जायचा. मी सेटिंगमध्ये ४०९६ च्या जागी ५१२० भरले, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि नवा बोल्ट काढला. नट सरसर शेवटपर्यंत गेला. काकांनी तो तीनदा काढून लावला, मग मालकांनी एकदा, मग मी.

वणीच्या माणसाने बोल्ट नेले. जिनिंग त्या हंगामात थोडेच दिवस चालली, कापूसच नव्हता. आमचंही काम महिनाभर थंडावलं. त्या रिकाम्या दिवसांत काका एका दुपारी स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले. “मले बी शिकव हे.” जुन्या लेथचा दांडा ओढावा तशी ते प्रत्येक कळ जोर लावून दाबायचे आणि मशीनने ऐकलं की नाही हे बघायला माझ्याकडे वळायचे.