श्रावणजींच्या नावापुढची लोंबी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, माहेरी नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. उद्या मोहाडीच्या बाजारात तुम्ही समोर आलात तरी मला नजर चुकवावी लागणार नाही, कारण हे तुम्ही वाचलंय हे मला कळणारच नाही. बघा, सुरुवातीलाच मी पळवाट करून ठेवली. अशीच आहे मी.

आधी माझं काम सांगते. तहसील कार्यालयासमोर माझं छोटं दुकान आहे, ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, धानविक्रीची नोंदणी — आंधळगावापासूनचे लोक येतात. दिवसभर मी टाइप करते. प्रत्येक अर्जाच्या शेवटी एक ओळ असते, वरील माहिती खरी आहे म्हणून. कुणी वय कमी सांगायला लागलं, जमीन लपवायला लागलं की मी चष्म्यावरून बघते आणि म्हणते, ‘काका, खोटं नका लिहू, खाली सही तुमची राहते.’ मोठ्या तोऱ्यात म्हणते. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

तर दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या बाईला कीबोर्डचंच वेड लागलं यात नवल काय? आधी मी मेकॅनिकल कीबोर्ड घेतला — त्यात प्रत्येक अक्षराखाली स्वतंत्र खटका असतो, दाबलं की ‘टक’ असा स्वच्छ आवाज येतो. मग इंटरनेटवर असे कीबोर्ड हातानं सजवणारे लोक दिसले. त्यातला एक प्रकार स्टीमपंक — म्हणजे यंत्र आजचंच, पण रूप असं की वाफेच्या इंजिनांच्या काळात कुणी घडवलं असावं. पितळ, तांबं, दातेरी चाकं, गोल काचेची डायल. ते पाहिलं आणि मी पार खुळी झाले. आमच्या भंडाऱ्यात पितळेला तोटा आहे का? आमच्याकडे लग्नात पितळेचा गुंड — पाण्याचा मोठा हंडा — दिल्याशिवाय पोरीची पाठवणी होत नाही.

मी कामाला लागले. घराच्या काढून ठेवलेल्या चौकटीच्या सागवानाची पेटी केली. पंक्चरवाल्याकडून हवेच्या टाकीचं जुनं डायल आणलं, बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळातली चाकं काढली. खटके, वायरी, डाग देणं — सगळं मी केलं. हो, एवढं मीच केलं. फुटक्या परातीचं पितळ कापून प्रत्येक बटणासाठी गोल चकती काढली आणि त्या चकत्यांवर अक्षरं कोरायला मशीनचं पेन घेतलं. तिथं माझं घोडं अडलं. कोंबडीनं उकिरडा उकरावा तशी अक्षरं उमटायला लागली. पाच-सहा चकत्या वाया गेल्यावर मला श्रावणजी आठवले.

श्रावणजी आंधळगावचे. जन्मभर भांड्यांवर नावं टाकायचं काम. बाजाराच्या दिवशी मोहाडीत गोणपाट अंथरून बसायचे — एक बारीक छिन्नी, एक हातोडी, बस. टिंबाला टिंब लावत नाव उमटवायचे. माझ्या लग्नातल्या गुंडावर ‘श्री’पासून पुढं माझ्या वडिलांचं नाव आहे, ते त्यांच्याच हातचं. आणि नाव संपलं की ते पुढं एक छोटीशी धानाची लोंबी काढायचे. सात-आठ टिंबं, वाकलेली दांडी. ती का काढता असं कुणी विचारत नसे. पण आमच्या भागात कुणाच्याही घरचं पितळेचं भांडं उलटंपालटं करून बघा, लोंबी दिसली तर समजा श्रावणजी.

मी चकत्यांचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. मशीनची पेनं आल्यापासून त्यांच्याकडे कुणी फारसं येत नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. हात थरथरायचा — पण छिन्नी टेकली की थांबायचा. त्यांची सून निर्मलावहिनी, तिनं चहा ठेवला, आणि मी कागदावर काढून नेलेली बटणांची रांग श्रावणजींनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

‘ही एबीसीडी अशी काहून इस्कटून ठेवली वो?’

मी म्हटलं, ‘काकाजी, मला पण नाही माहीत. सगळ्या जगात अशीच इस्कटलेली आहे.’ ते खूप हसले. मग इंग्रजी अक्षराखाली मराठी अक्षर, अशी एकेक चकती ते करत गेले. दोन-अडीच महिने मी संध्याकाळी दुकान बंद करून आंधळगावला जात होते. एंटरच्या बटणाची चकती आली तेव्हा त्यांनी विचारलं, हे कायचं? मी सांगितलं, ओळ संपली की हे दाबायचं.

‘मंग याच्यावर लोंबीच पायजे. नाव संपलं का लोंबी.’

अशी ती लोंबी एंटरवर आली. त्यांच्या हातानं, त्यांच्या डोक्यातून. हे मी मुद्दाम दोनदा सांगतेय.

काम संपलं त्या दिवशी खालची पितळेची पाटी त्यांच्यासमोर होती — सगळे खटके ज्या पाटीत बसतात ती. श्रावणजी तिच्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग जरा लाजून म्हणाले, ‘पोरी, याच्या मांगं कोपऱ्यात माह्यं नाव टाकू का? जनमभर लोकायचीच टाकली.’ त्यांच्या स्वतःच्या घरातल्या भांड्यांवरसुद्धा त्यांचं नाव नव्हतं — बापाचं होतं, सासऱ्याचं होतं. मी म्हटलं, टाका ना काकाजी, त्यात विचारता काय! त्यांनी पाटीच्या मागच्या बाजूला ठोकलं — ‘श्रावण, आंधळगाव’. पुढं लोंबी. वहिनी लांबूनच, दारात उभी राहून बघत होती.

आता येते मी मुद्द्यावर. किती वळसे घेतले ना? बोटं जातच नाहीत तिकडे.

असे कीबोर्ड करणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक गट होता, त्यांनी स्पर्धा ठेवली. देशोदेशीची माणसं त्यात. प्रत्येक सुट्या भागाचे उलटसुलट फोटो पाठवायचे होते. आणि एक अर्ज. अर्ज! मला अर्जाची काय भीती? मी तर जन्मभर तेच करत आले. त्यात एक रकाना होता — या कामात आणखी कुणाचा हात आहे का? असल्यास नाव लिहा. नाव लिहिलं असतं तर मला बाद करणार नव्हते, हेही सांगून टाकते. मिळून केलेल्या कामांचा गट वेगळा होता, एवढंच. पण पहिला मान एकट्यानं केलेल्या कामाला होता, आणि मला तो हवा होता. मोहाडीतली अर्ज भरणारी बाई एकटीनं असं काही करते — हे वाक्य मी मनात कितीदा तरी म्हणून पाहिलं होतं. गोड लागायचं.

मी त्या रकान्यात लिहिलं, ‘कुणी नाही.’

मग पाटी उलटी केली. पॉलिश पेपरनं नाव जाईना. त्यांनी खोल ठोकलं होतं, टिकावं म्हणून. शेवटी कानस घेतली. ‘आंधळगाव’ आधी गेलं, मग लोंबी, ‘श्र’ सगळ्यात शेवटी गेला. पितळेचा भुगा ओट्यावर पडला तो मी फडक्यानं पुसून घेतला आणि फडकंसुद्धा धुऊन टाकलं. का धुतलं? कोण बघणार होतं? माणूस काय करतोय हे त्याच्या हाताला बरोबर कळत असतं.

मला पहिला मान मिळाला. लोकांनी अक्षरांवर जीव ओवाळून टाकला. कुणीतरी विचारलं, एंटरवरची ती नाजूक खूण कसली? आणि मी उत्तर दिलं, ‘ही माझी खूण. मी धानाच्या मुलखातली आहे.’ सगळ्यांना ते फार आवडलं. तेव्हापासून ती माझीच झाली. आता लोक माझ्याकडून कीबोर्ड करून घेतात आणि लोंबी आहे ना, असं आवर्जून विचारतात. मी मशीनच्या पेनानं काढते. आता बरी जमते.

गावात बातमी झाली तसे श्रावणजी एका बाजाराच्या दिवशी वहिनीचा हात धरून दुकानात आले. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं. कीबोर्ड टेबलावर होता. त्यांनी एंटर शोधून बोट ठेवलं, लोंबी चाचपली आणि चेहरा असा फुलला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. मग त्यांनी पेटी उलटी केली. खाली सागवानाची फळी, स्क्रूनं बसवलेली. फळीवर अंगठा टेकवून म्हणाले, ‘आत आहे ना वो?’

मी म्हटलं, ‘आहे, काकाजी.’

‘मंग झालं.’

एवढंच. उघडून दाखव म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर? मी काहीतरी सांगितलं असतं — वायरी तुटतील, काहीतरी. उत्तर तयार होतं माझ्याजवळ. वहिनी नंतर सांगायची की ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, माझं नाव मोहाडीला टेबलावर आहे, साऱ्या जगानं पाहिलं.

त्या वर्षीची धानकापणी उरकली आणि श्रावणजी गेले. मी तेरवीला गेले होते. पंगत उठल्यावर वहिनी जवळ आली. आमच्याकडे सून सासऱ्यांना मामाजी म्हणते. ती म्हणाली, ‘ताई, मामाजीच्या नावाचा फोटो काढून द्या नं मले. त्यायचं नाव तेवढं तुमच्याकडंच आहे.’

तेव्हा तरी सांगायचं होतं. भांडी घासायला काढलेली, बाया रडून मोकळ्या झालेल्या — तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर दिल्या असत्या. मी म्हटलं, देते ना.

घरी येऊन कीबोर्ड खोलला. घासलेल्या जागी पाटी जरा पातळ झाली होती, चमकत होती. ‘व’, ‘ण’ आणि ‘आंधळगाव’ची अक्षरं मी त्यांनीच केलेल्या बटणांवरून उतरवली. ‘श्र’ कुठून आणायचा? लग्नातला गुंड उतरवला, त्याच्यावरच्या ‘श्री’तून घेतला. छिन्नी-हातोडी घेऊन टिंबाला टिंब लावत बसले. दोन दिवस लागले. ठोके वरवरचे पडले, पण फोटोत कुणाला काय कळतं? फोटो काढला, मोठा करून आणला, वहिनीला दिला. तिनं तो डोळ्यांना लावला.

फोटो आता त्यांच्या घरात भिंतीवर आहे, श्रावणजींच्या तसबिरीशेजारी. हार दोन्हींना असतो. मागच्या महिन्यात मी गेले होते. वहिनी चहा घेऊन आली, फोटोकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, ‘ताई, एक गोष्ट पायली का तुमी? मामाजीनं साऱ्या गावाच्या नावापुढं लोंबी काढली. आपल्या नावापुढं नाही काढली. असेच होते ते — स्वतःसाठी काही नाही.’

मी वर पाहिलं. खरंच नव्हती. दोन दिवस ठोकत बसले होते, गुंड शेजारी होता, त्याच्यावर लोंबी होती — आणि ती काढायचं माझ्या ध्यानातही आलं नाही. ती माझी खूण झाली होती ना. त्यांच्या नावापुढं मी ती कशी काढणार?

‘हो, असेच होते,’ मी म्हटलं, आणि चहा संपवला.

हे सगळं मी त्याच कीबोर्डवर लिहिलंय. परिच्छेद संपला की करंगळी त्या लोंबीवर जाते. आताही जाईल.