कुंकवाचं केंद्र

माझे बाबा तेल्हाऱ्यात सुतारकाम करायचे. देवळांचे दरवाजे ही त्यांची खासियत. दरवाजावरच्या नक्षीचे कागद ते आधी स्वतः आखत. सगळ्यात जुना नमुना त्यांच्या आज्यानं एका दर्ग्याच्या दगडी जाळीवरून उतरवलेला. दर्ग्यातली चांदणी मारुतीच्या दारावर आली, आणि मारुतीनं तक्रार केल्याचं काही ऐकिवात नाही.

खाकी कागदावर कंपासचं टोक टेकवायच्या आधी त्या जागी ते कुंकवाचं बोट लावत. "पयले थो, मंग रेघा," म्हणत. थो म्हणजे देव. एका वर्तुळाभोवती सहा वर्तुळं, त्यांतून चांदण्या, आणि चांदण्यांतून कागदभर पसरत जाणारी जाळी. आखताना ते बोलत नसत. दुसरी कुठली पूजा त्यांनी केली नाही, ते खातं आईकडं. मी अमरावतीला चित्रकलेचा शिक्षक झालो, पोरांना वर्तुळं शिकवली, पण तसं गप्प बसणं मला कधी जमलं नाही.

गेल्या वर्षी बाबा गेले. तेरवी आटोपली आणि मी शाळेकडं पळालो. कागदांची गुंडाळी माळ्यावर होती. दिवाळीत नेऊ, म्हटलं. दिवाळीत आलो तर माळा लख्ख.

"कागद कुठी हायेत वं माय?"

"पूर्णेत सोडले," आई म्हणाली. "कुकू लागलेले कागद कचऱ्यात कशे टाकू, बाबू? देवाचं होतं, देवाले देलं."

रागवायचं कुणावर? आमच्याकडं निर्माल्य पाण्यातच जातं. रद्दीत जाऊन त्यांच्या फुटाण्याच्या पुड्या झाल्या असत्या तर निदान भांडता आलं असतं. दरवाजे अजून आहेत, पण लाकडावर नुसती चांदणी उरते. ती जिथून निघाली ती वर्तुळं, त्या पुसट रेघा, बाबांचा हात, सगळं कागदावरच होतं. मी आतल्या आत जळत राहिलो, अजूनही जळतो.

संक्रांतीला आईच म्हणाली, "एक डाव थे चित्र काढून दे ना. मले पाहू वाटून राहिलं."

मी खाकी कागद आणला, कुंकू लावलं आणि आठवेल तसं आखत गेलो. एकही रेघ चुकली नाही. आईनं कागद मांडीवर घेतला आणि बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिली.

"बेस झालं," ती म्हणाली. "पन हे तुह्यं हाय, बाबू. त्यायचं म्या सोडून देलं."

बाबा गेले त्या दिवशीही ती इतकी रडली नव्हती.